पोटभाडेकरू

एकोणीसशे पंच्याण्णव साली मला गुडगावच्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली, तेव्हा संस्थेचा विषय नुकताच वारला होता.

विषय होता अवैध व्यापार आणि त्याचे समाजावर होणारे परिणाम. प्रकल्पाचा अर्ज केला तेव्हा सोनं, परदेशी घड्याळं, व्हीसीआर असं सगळं चोरून येत असे. मंजुरी येईपर्यंत सरकारने यातलं बरंचसं उघड आणायला परवानगी देऊन टाकली. आमचा मुख्य माहितीदार पूर्वी कोटाच्या अस्तरात घड्याळं लपवून विकायचा. आम्ही भेटायला गेलो तर त्याने दुकान थाटलेलं. त्याने आम्हाला चहा पाजला, पावती दाखवली आणि एक वर्षाची वॉरंटी देऊ केली. परत येताना प्रकल्पप्रमुख साधना मॅडम गाडीत एकच वाक्य बोलल्या. "यार, माणूस सुधारला की रिसर्च बिघडतो."

प्रकल्प आंतरविद्याशाखीय होता. म्हणजे एकाच खोलीत तीन शास्त्रांचे लोक बसत आणि पंखा कुणाच्या दिशेने फिरवायचा यावर त्यांचं एकमत होत नसे. मॅडम समाजशास्त्राच्या. आडनाव मराठी, पण वाढल्या दिल्लीत, त्यामुळे त्यांचं मराठी सातव्या वर्षी जिथे थांबलं होतं तिथेच उभं होतं. राघव वकील, पक्का दिल्लीवाला. नरसिंह संख्याशास्त्री. अवैध म्हणजे काय, यावर पहिला महिना गेला. राघव म्हणायचा, जे कायद्याविरुद्ध ते अवैध. मॅडम म्हणायच्या, जे सांगताना लोक आवाज बारीक करतात ते अवैध. नरसिंहचं मत होतं की पाच टक्क्यांच्या आत असेल तर अवैध, त्याच्यावर गेलं की ती पद्धत.

खिडकीबाहेर मोहरीची शेतं होती आणि शेतांमध्ये एकेक काचेची इमारत उगवत होती. एप्रिलमध्ये मॅडमनी टेबलावर थाप मारली.

"सरकारी क्वार्टर्स. लोक खोल्या भाड्याने देतात. आख्ख्या दिल्लीला पता आहे. सगळे आवाज बारीक करतात. इल्लीगल आहे. नरसिंह?"

"पाच टक्क्यांच्या वर असेल," नरसिंह म्हणाला.

"चलेगा. सरोजिनी नगरपासून सुरू करू. पुष्कर, तू कुठे राहतोस?"

"लाजपत नगर," मी म्हणालो.

मी सरोजिनी नगरमध्ये राहत होतो. सरकारी क्वार्टरमध्ये. भाड्याने.

श्रीरंग आठल्ये आणि सुनंदा आठल्ये यांच्या दोन खोल्यांपैकी रस्त्याकडची खोली, मी शिकायला दिल्लीला आल्यापासून, म्हणजे दोन वर्षं माझी होती. काका एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, डिसेंबरात निवृत्त होणार. मूलबाळ नव्हतं. खोली देताना काकांनी पहिली अट सांगितली होती, हा पत्ता कुठेही लिहायचा नाही. म्हणून माझी पत्रं लाजपत नगरला एका मित्राकडे यायची आणि मला पुण्याच्या बातम्या आठवडाभर उशिरा कळायच्या. दुसरी अट, कुणी विचारलं तर मी त्यांचा भाचा.

"पुतण्या का नको?" मी विचारलं होतं.

"पुतण्याचं आडनाव तेच लागतं," काका म्हणाले. "भाच्याचं कुठलंही चालतं."

हे लॉजिक सगळ्यांनाच सुचलेलं असावं. सरोजिनी नगरातल्या मराठी क्वार्टरांमध्ये भाचे भरपूर होते. पुतण्या मला एकही भेटला नाही.

घोळ एवढाच झाला की काकूंना मामी व्हायला आवडेना. "मामी म्हणजे बाहेरून आलेली," त्या म्हणाल्या आणि त्यांनी खालच्या मजल्यावरच्या कौशल्याजींना परस्पर सांगून टाकलं की मी बहन का लड़का आहे. त्याच आठवड्यात काकांनीही त्यांना जिन्यात सांगितलं की मी बहन का लड़का आहे. कौशल्याजी पंजाबी, नात्यांच्या बाबतीत एकदम पक्क्या. त्या दोन दिवस विचार करत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना गॅलरीत गाठलं.

"बहनजी, लड़का इनकी बहन का भी है, आपकी बहन का भी है. तो आप दोनों आपस में क्या लगे?"

काकूंनी वाळत घातलेली चादर पुन्हा पिळली. तेव्हापासून कौशल्याजी आठल्ये दांपत्याकडे फार सहानुभूतीने बघत.

सर्वेक्षणासाठी नरसिंहने रँडम नंबरांच्या तक्त्यातून चाळीस क्वार्टर्स काढली. एकोणिसावा नंबर आमचा होता. मी म्हणालो, हे घर मी करतो. नरसिंह म्हणाला, वाटपही रँडमच. ते घर शालिनीकडे गेलं. ही नुकतीच एम.ए. झालेली करोल बागेतली मुलगी, कामाला फार चोख.

त्या संध्याकाळी मी घरी सांगितलं. काका वर्तमानपत्र वाचत होते, ते त्यांनी उलटं घडी करून ठेवलं.

"पोटभाडेकरू ठेवला म्हणून गेल्या साली आमच्या डिपार्टमेंटात एकाचं क्वार्टर काढून घेतलं," ते म्हणाले. "वर चौकशी. चौकशी निवृत्तीच्या आत संपली नाही तर पेन्शन लटकतं. त्याचं लटकलंय."

"मी खोली सोडतो," मी म्हणालो.

"आणि ती मुलगी आली, रिकामी खाट दिसली, तर काय सांगू? खाट भाच्याची आहे आणि भाचा काल गेला?"

"शिवाय परवा मी तुझ्यासाठी सुरणाचे काप करणारे," काकू म्हणाल्या. "सुरण आणलाय."

सुरणामुळे मी राहिलो. दोन दिवसांनी शालिनी येऊन गेली. मी तेव्हा दुसऱ्या ब्लॉकमध्ये एका ओडिया कुटुंबाकडे त्यांच्या 'कज़िन'विषयी ऐकत होतो. काका म्हणाले, सगळं नीट झालं, भाचा म्हणून सांगितलं, तिने लिहून घेतलं, सरबत पिऊन गेली.

पुढच्या शुक्रवारी ऑफिसात मी तो फॉर्म पाहिला. शालिनीच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं. पति, पत्नी, बच्चा एक. उम्र चौबीस. अविवाहित. नौकरी.

"शालिनी, ये बच्चा किसने बताया?"

"अंकल ने. मैंने पूछा और कौन रहता है, बोले हमारा बच्चा है. बहुत साफ बोले. दो बार बोले."

मी जागेवर येऊन बसलो. काकांना हिंदीतल्या भांजा या शब्दाची गरज तीस वर्षांत कधी पडली नव्हती, कारण त्यांना बहीणच नव्हती. ऐन वेळी त्यांनी घरचा शब्द वापरला. 'हमारा भाचा है.' आणि मी, वय वर्षं चोवीस, त्यांना मुलगा झालो.

वाईट काहीच नव्हतं. उलट मुलगा घरात राहणं यात अवैध काय. मी सुटकेचा श्वास सोडत होतो, तेवढ्यात नरसिंहने मान वर केली.

"एक विचित्र गोष्ट आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "वाटप कार्यालयाच्या यादीत या घरी मूल नाही. सर्वेक्षणात आहे. अशी चार घरं सापडली. चारही महाराष्ट्रीय. वयं बावीस, तेवीस, चोवीस, सव्वीस."

म्हणजे चारही घरांत भाचा होता आणि चारही घरी चोख शालिनी गेली होती.

"मतलब इनके यहाँ बच्चे सीधे चौबीस साल के पैदा होते हैं?" राघवने विचारलं.

"योगायोग असण्याची शक्यता हजारात एक."

"तो फिर ये बच्चे आ कहाँ से रहे हैं?"

पंखा मॅडमच्या दिशेने होता. त्यांच्या डोळ्यांत मला ते दिसलं, जे घड्याळवाल्याने पावती दाखवल्यापासून दिसलं नव्हतं.

"सज्ञान मुलांचा अवैध व्यापार," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

समजा मी सांगितलं, मॅडम, बच्चा नव्हे, भाचा. मग त्या विचारतील, कुणाच्या बहिणीचा? काकांना बहीण नाही हे त्यांच्या मंत्रालयात शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं, कारण भाऊबीजेला रजा न घेणारे ते एकटेच. म्हणजे भाचा खोटा. म्हणजे पोटभाडेकरू. आणि समजा मी गप्प राहिलो, तर मॅडम मंत्रालयाला पत्र लिहिणार, आणि मंत्रालय काकांना विचारणार की तुम्ही हा मुलगा कुठून आणला. दोन्हीकडून क्वार्टर जात होतं. मधून जायला वाट दिसत नव्हती.

"कल मैं खुद जाऊँगी," मॅडम म्हणाल्या. "पहिलं हेच घर करू, आठल्ये. पुष्कर, तू चल माझ्याबरोबर. मराठी घर आहे, माझं मराठी अटकलं तर तू आहेसच."

घरी जाऊन मी सगळं सांगितलं.

"मी स्पष्ट भाचा म्हणालो," काका म्हणाले.

"तिला बच्चा ऐकू आलं."

"दोनदा म्हणालो."

"तिला दोनदा ऐकू आलं."

काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताटातून डोळे वर केले नाहीत. "लिहिलंय ना तिने बच्चा," त्या म्हणाल्या. "मग असू दे की."

दुसऱ्या दिवशी शनिवार. काकांना सुट्टी. मॅडमनी त्यांची मारुती गुलमोहराखाली लावली आणि मी माझ्याच घराच्या जिन्यावरून पाहुण्यासारखा चढलो. पहिल्या मजल्यावर कौशल्याजी दारात होत्या. "आज जल्दी आ गए बेटा," त्या म्हणाल्या. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, फार प्रेमळ लोक आहेत इकडचे.

मी बेल वाजवली. दोन वर्षांत पहिल्यांदा. काकूंनी दार उघडलं, आधी मॅडमकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

"या," त्या म्हणाल्या. "चपला तिकडे."

चपला कुठे ठेवायच्या हे मला माहीत होतं, पण मी उगाच इकडेतिकडे शोधलं.

मॅडमनी फॉर्म काढला. काका खुर्चीत ताठ बसले होते, शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून.

"काकू, तुमचा मुलगा कुठे आहे?"

"कामावर असतो."

"काय करतो?"

"लोकांच्या घरी जाऊन नको ते विचारतो," काकू म्हणाल्या.

"सेल्समध्ये आहे?"

"तसंच काहीतरी. मला नीट कळलेलं नाही. त्यालाही कळलंय असं दिसत नाही."

मी फॉर्मवर काहीतरी लिहितोय असं दाखवलं.

"स्वभाव कसा आहे?"

"ओला टॉवेल खाटेवर टाकतो. सांगून सांगून दमले." त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. "दुपारी डबा नेतो आणि भाजी परत आणतो. कारल्याची असेल तर. मला वाटतं कुणाला तरी देत पण असेल, पण देतानाही विचारायला हवं ना, कशी झालीय म्हणून."

पुढचा प्रश्न मॅडमनी स्वतः तयार केलेला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. या व्यवहाराचा तुमच्या सामाजिक जीवनावर काय परिणाम झाला.

"कुठल्या व्यवहाराचा?" काकांनी विचारलं.

"मुलगा घरात असण्याचा."

काका विचार करायला लागले. प्रश्न सरकारी वाटला की ते मन लावून उत्तर देत. "वर्तमानपत्र घडी घातलेलं मिळत नाही," ते म्हणाले. "आधी मिळायचं."

"साखर जास्त लागते," काकू म्हणाल्या.

"आणि रविवारी बाजारात जायला कुणीतरी असतं बरोबर," काका म्हणाले. "पूर्वी मी पिशव्या घेऊन एकटा जायचो. आता दोघं जातो आणि पिशव्या विसरतो."

मॅडम भराभर लिहून घेत होत्या. मग त्यांनी फॉर्म वळवून काकांपुढे ठेवला. "अंकल, इथे मुलाचं नाव आणि नातं, तुमच्या हाताने. आणि सही."

काका फॉर्मकडे बघत राहिले.

"तोंडी काय हवं ते विचारा," ते म्हणाले. "लेखी नको."

"का?"

"तीस वर्षं नोकरी झाली. फाईलवर खोटं लिहिलेलं नाही मी."

"मग खरं लिहा ना. बिल्कुल खरं लिहा."

हे त्यांना कुणी म्हणायला नको होतं. काकांनी खिशातलं पेन काढलं, टोपण मागे लावलं. काकू उठून उभ्या राहिल्या. "अहो," त्या म्हणाल्या, पण काकांनी ऐकलं नाही. नावापुढे त्यांनी माझं पूर्ण नाव लिहिलं, वळणदार. मॅडमना ते उलट्या बाजूने वाचता येत नव्हतं, मला येत होतं. मग पेन नात्याच्या रकान्यात गेलं. त्यांनी 'पो' लिहिलं. मग 'ट' लिहिला. पुढचं अक्षर 'भा' असणार होतं आणि त्याच्यापुढे त्यांचं क्वार्टर, पेन्शन, डिसेंबर सगळं होतं.

"मॅडम, तो मी आहे," मी म्हणालो.

पेन थांबलं.

"कौन?"

"यांच्या घरात राहतो तो. लाजपत नगर खोटं आहे. मी इथे राहतो. ती खाट माझी आहे, टॉवेल पण माझाच."

मॅडमनी फॉर्म हिसकून घेतला, आधी माझं नाव वाचलं आणि मग पुढचा रकाना. त्यांच्या चेहऱ्यावर सातव्या वर्षी शिकलेलं काहीतरी वर येताना मला दिसलं.

"पोट," त्या म्हणाल्या. "पोटचा. पोटचा मुलगा. अच्छा. हे माझी आजी म्हणायची."

मी काकांकडे बघितलं. काका त्या फॉर्मकडे बघत होते, जणू त्यांच्याकडची एखादी फाईल वाऱ्याने उडून दुसऱ्याच्या टेबलावर गेली होती.

"पण आडनाव?" मॅडमनी विचारलं.

"तो मोठा विषय आहे," काकू म्हणाल्या.

घरातला मोठा विषय म्हटलं की दिल्लीत वाढलेला मराठी माणूसही पुढे विचारत नाही. मॅडमनी पण विचारलं नाही. पण त्या माझ्यावर मात्र भयंकर चिडल्या.

"तुझं स्वतःचं घर सँपलमध्ये आहे आणि तू मला आता सांगतोस? पुष्कर, यार, हा रिसर्चचा पहिला नियम आहे. हे घर बाद." त्यांनी फॉर्म उभा फाडला, मग आडवा. "आणि मराठीचा दुभाषा तूच, म्हणजे बाकीची तीन मराठी घरं पण बाद. नरसिंहला आता काय सांगू? माझे सज्ञान मुलं."

"सॉरी मॅडम."

"राहायचं होतं आईबाबांकडे तर राहा ना. लपवायचं काय त्यात? शरम वाटते?"

"नाही," मी म्हणालो. हे उत्तर कशाला दिलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मला मॅडमबरोबरच परत जावं लागलं, कारण मी त्यांच्याबरोबरच आलो होतो. संस्थेत पोचेपर्यंत त्या तिसरा विषय शोधायला लागल्या होत्या.

संध्याकाळी घरी आलो तर जेवणाच्या टेबलावर कागद, कार्बन आणि पेन. काका लिहायला बसलेले. काकू शेजारी भाताचं पातेलं धरून उभ्या.

"बघ रे यांना काय झालंय," त्या म्हणाल्या. "ऑफिसला पत्र लिहितायत. स्वतःहून."

"काका, फॉर्म फाडला मॅडमनी. संपलं."

"फाडला म्हणून काय? लिहिलं होतं ना," काका म्हणाले. "अर्धा शब्द मी लिहिला आणि त्या बाईंनी त्याचा भलताच अर्थ केला. माझ्या अक्षरावरून खोटी समजूत झाली. ती दुरुस्त करायला हवी. लेखी."

त्यांनी कागद मला दाखवला. 'सदर व्यक्ती गेली दोन वर्षे माझ्या शासकीय निवासस्थानी वास्तव्यास आहे.' खाली माझं नाव. त्याखाली 'अर्जदाराशी नाते', आणि पुढे मोकळी जागा.

"भाडेकरू लिहिणार?" मी विचारलं.

"खरं तेच आहे."

"आठ महिने राहिलेत तुमचे."

"माहीत आहे मला."

काकूंनी पातेलं खाली ठेवलं. "एक विचारू? गेल्या पावसाळ्यात ह्याला कावीळ झाली. तुम्ही नऊ दिवस रजा टाकलीत. कारण काय लिहिलं होतंत?"

काकांनी पेन वर उचललं. "घरगुती."

"लेखी?"

"लेखी."

"मग ते खोटं होतं?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं दोन फायलींवर दोन वेगळे शेरे असलेल्या प्रकरणाकडे बघावं. तेव्हा खोटं लिहिलं नव्हतं. आता भाडेकरू लिहिलं तर तेव्हाचं खोटं ठरत होतं. भाडेकरू नाही लिहिलं तर आताचं. मी मदत करावी असं मला फार वाटलं, पण मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

शेवटी ते वाकले आणि मोकळ्या जागेत त्यांनी एकच शब्द लिहिला. विचाराधीन. खाली सही केली, तारीख टाकली, कार्बनची प्रत वेगळी काढली.

"हे चालतं?" मी विचारलं.

"न चालायला काय झालं? खरं आहे."

"पण हे कुणी वाचलं, चौकशी लागली तर?"

"सोमवारी टपालात टाकीन. मंगळवारी नोंद होईल. क्वार्टरचे अर्ज आमच्याच सेक्शनला येतात," काका म्हणाले. "म्हणजे बुधवारी माझ्या टेबलावर."

"मग?"

"मग अभ्यास करावा लागेल," काकांनी पेनाला टोपण लावलं. "घाईने निर्णय घेण्यासारखं हे प्रकरण नाही. डिसेंबरपर्यंत तरी होईल असं वाटत नाही."

"आणि डिसेंबरनंतर?"

काकांनी याचा विचार केलेला नव्हता. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाल्या, तुला पुण्याला जागा कुठल्या बाजूला बरी वाटते, आम्हाला तिकडचं आता काही कळत नाही.